शेतातलं दुसरं घर: वाटणीआधी अर्ज

पत्र: आमचं गाव औसा तालुक्यात आहे, शेत गावापासून दीड किलोमीटरवर. एका गटात १ हेक्टर १२ आर जमीन, सगळी कोरडवाहू. सातबारा सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, जमीन त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली. शेतात साडेसहाशे फुटांचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची मुलगी राहतो. नणंदबाई लग्न होऊन तुळजापूरकडे असतात. घरात भांडण नाही, पण जागा पुरत नाही. त्याच शेतात आठशे फुटांचं वेगळं घर बांधायचं ठरलंय. ग्रामपंचायतीतले म्हणतात, बांधा, नमुना आठला नोंद लावून देऊ. भावकीतले म्हणतात, आधी वाटणी करा. तालुक्याला एक एजंट दहा गुंठे एनए (बिगरशेती) करून द्यायचे दीड लाख मागतोय. बँक म्हणते मंजूर नकाशा आणा. आणि नणंदेची हक्कसोड घ्या, असं सगळेच सांगतात. आम्ही नेमकं काय करावं?
– धाकटी सून, औसा तालुका

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे: घरात भांडण नाही. ते नाही तोवरच हे काम करून घ्या. एजंटाला सध्या एक रुपयाही देऊ नका आणि वाटणीची घाई करू नका. भावकीतल्यांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, पण तुमच्या बाबतीत तो उलटा पडेल. तो का, ते आधी सांगतो.

शेतजमिनीवर शेतकऱ्याने स्वतःसाठी बांधलेलं घर हा बिगरशेती वापर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २ मध्येच शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायची जागा आणि जनावरांचा गोठा तर त्यात आहेच, शिवाय खातेदाराच्या कुटुंबातील माणसांचं राहणंही आहे. तुम्ही दोघं सासऱ्यांच्या कुटुंबातलेच. म्हणजे तुमचं नवं घर शेतघर म्हणूनच उभं राहू शकतं, त्यासाठी दहा गुंठे शेतीतून काढून बिगरशेती करायची गरज नाही. एजंट तुम्हाला खोटं सांगतोय असं नाही, एनए होऊही शकेल. पण ज्याची गरज नाही त्याचे पैसे तो मागतोय.

आता वाटणीचं. शेतघरांची परवानगी कलम ४१ खाली येते. जिथे ही परवानगी घ्यावी लागते तिथे ०.४ हेक्टर, म्हणजे ४० आर, म्हणजे आपला साधारण एक एकर, ही किमान मर्यादा आहे. एकाहून जास्त शेतघरं हवी असतील तर घरांच्या संख्येने गुणायचं. दोन घरांना ८० आर लागतात. तुमच्या सासऱ्यांच्या नावावर आज ११२ आर आहेत, म्हणजे दोन घरं आरामात बसतात. पण भावकीचं ऐकून आधी वाटणी केलीत तर? सासरे, दोन मुलगे आणि मुलगी असे चार वाटे धरले तर एकेकाला २८ आर येतात. वाटणीत सासूबाईंचाही वाटा निघतो, तो धरला तर जेमतेम २२ आर. चार धरा की पाच, एकाच्याही सातबाऱ्यावर ४० आर राहत नाहीत. आज जे सहज मागता येतं, ते वाटणीनंतर तुमचं तुम्हालाच मागता येणार नाही.

तुकडेबंदीच्या अंगानेही पाहून ठेवा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे झालं. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, तेव्हा २२ आरांचे तुकडे त्यात बसतात, पण काठावर. त्यातून रस्त्याला, विहिरीला जागा सोडली की खाली जातात. तेव्हा वाटणी करू नका असं मी म्हणत नाही. आधी खातं एकत्र असताना सासऱ्यांच्या नावाने अर्ज करा, घर बांधा, आणि वाटणीचं पुढे शांतपणे बघा.

एक गोष्ट मात्र आजच घरात सर्वांसमोर बोलून घ्या. ११२ आरात याच हिशोबाने दोन घरं बसतात, तिसरं बसत नाही. तिसऱ्याला १२० आर लागले असते. जाऊबाईंची दोन मुलं उद्या मोठी होतील. दुसरं घर तुम्ही घेतलंत म्हणजे त्या गटातली उरलेली जागा तुम्ही वापरलीत, हे त्यांना आज कळायला हवं, पंधरा वर्षांनी तहसीलमध्ये नव्हे. मोठ्या दिरांना हे स्पष्ट सांगून त्यांची संमती घेतलीत तर पुढचा कडवटपणा टळेल. गोठाही कायद्याच्या भाषेत शेतघरातच मोडतो, म्हणून तुमचा गोठा कुठे आणि कसा आहे ते नकाशात दाखवा, लपवू नका.

परवानगी लागते की नाही, यावर गावात दोन मतं असतात आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे. कलम ४१ ची सक्ती सरसकट नाही. महानगरपालिका, नगरपालिका, त्यांच्या हद्दीलगतचा पट्टा (मुंबई, पुणे, नागपूर सोडून इतर महानगरपालिकांसाठी तो ५ किलोमीटरचा आहे), आणि जिथे प्रादेशिक योजना किंवा नगररचना योजना आहे तो भाग, इथे घर बांधण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावीच लागते. तुमचं शेत औशाच्या किंवा लातूरच्या हद्दीला खेटून नसेल तरी ते कुठल्या योजनेत येतं का, हे अंदाजाने ठरवू नका. लातूरला नगररचना विभागाच्या कार्यालयात गट क्रमांक देऊन झोन दाखला (जागा योजनेत कुठल्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा दाखला) मागा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, नकाशा त्याच नियमांवर तपासला जाईल. आणि दाखल्यात परवानगीची सक्ती नाही असं निघालं तरीही अर्ज कराच. बँकेला कागद लागतो, उद्या वीज लागते, परवा वाटणी होते. लेखी मंजुरी असलेलं घर आणि नसलेलं घर यांत तेव्हा फार फरक पडतो. विनापरवाना वापराबद्दल दंड करण्याचा आणि तो बंद करायला लावण्याचा अधिकार संहितेच्या कलम ४५ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कुणी तक्रार करेपर्यंत हे कलम कुणाला आठवत नाही, आणि तक्रार बहुधा घर पूर्ण झाल्यावरच येते.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठबद्दल माझं मत ठाम आहे. ती कर आकारणीची नोंद आहे, बांधकाम परवानगी नाही. गावठाणात गोष्ट वेगळी. तिथे १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला जवळपास नुसती कागदपत्रं देऊन बांधता येतं आणि ३०० पर्यंत ग्रामपंचायत परवानगी देते, हे २०२० पासून सोपं झालं आहे. तुमचं शेत गावठाणाबाहेर आहे. तिथे ग्रामपंचायतीने नोंद लावली तर घरपट्टी सुरू होईल एवढंच. घर झाल्यावर ती नोंद जरूर करा, पण तिला मंजुरी समजू नका. ज्यांची शेतं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहेत, त्या वाचकांनी मात्र त्यांना वेगळी सवलत लागू होते का, ते तहसीलमध्ये विचारून घ्यावं. ताई, तुमच्या दीड किलोमीटरवरच्या शेताला त्याचा उपयोग नाही.

अर्जाआधी जमिनीचं मूळ तपासा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) काढाच, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या मराठवाड्यात जमिनीला निजामाच्या काळापासूनचा इतिहास चिकटलेला असतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ (जमीन बंधनाशिवाय मालकीची) आहे की वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी), ते बघा. वर्ग २ असेल, किंवा इतर हक्कात इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम), खिदमतमाश, कूळ असं काही दिसलं, तर आधी ते निस्तरावं लागेल, घराचा अर्ज नंतर. खिदमतमाश जमीन देवस्थानाच्या सेवेशी जोडलेली असते, तिथे तर फारच सावध राहा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल आणि तिथून आजपर्यंतचे फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी) काढून घ्या. जमीन सासऱ्यांच्या वडिलांची स्वतः घेतलेली होती की त्यांनाही वारशाने आलेली, हे त्यातूनच कळेल. वाटे कुणाचे आणि किती, हे त्यावर ठरतं. वर मी मांडलेला चार-पाच वाट्यांचा हिशोब जमीन वडिलोपार्जित आहे असं धरून आहे. जमीन सासऱ्यांच्या वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारशाने आली असेल, तर ती सासऱ्यांची स्वतःची मानली जाऊ शकते. हा कागद एखाद्या दिवाणी वकिलाला एकदा दाखवाच.

आता हक्कसोड. सगळे सांगतात म्हणून ती घेऊ नका. त्या कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकी सहहिस्सेदार झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ते अधिक पक्कं केलं. वडील २००५ साली जिवंत असोत वा नसोत, तिचा हक्क राहतो. सासरे हयात आहेत, सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, शेतघराचा अर्ज त्यांनीच करायचा आहे. या अर्जाला नणंदेच्या हक्कसोडीची गरजच नाही. तुमच्या घरासाठी तिने तिचा वाटा का सोडावा? लग्न झालेल्या मुलीला एखाद्या सणाला माहेरी बोलवायचं, साडीचोळी करायची आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे न्यायचं, ही आपल्या भागातली रीत मला अजिबात पटत नाही. तुम्हीही कुणाची तरी मुलगी आहात, कुणाची तरी बहीण आहात. तिला फोन करून सांगा की घर बांधतोय, नकाशा दाखवा, आणि तिची हरकत नाही एवढं साधं संमतीपत्र घ्या. तिचा हिस्सा तिचाच राहील असंही त्यात लिहा. असं लिहिलेला कागद ती खुशीने सही करेल आणि पुढे तो तुमच्याच कामी येईल.

मोजणी भूमी अभिलेख कार्यालयातून करून घ्या आणि क प्रत (मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) हातात घ्या. गावात बांध सरकलेले असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून काढा. त्यात जुनं घर, गोठा, विहीर किंवा बोअर, वाट, वरून जाणारी विजेची तार, सगळं येऊ द्या. राहत्या शेतघराचं जोतं १५० चौरस मीटरच्या आत आणि तळमजलाच, असं नियम सांगतात. तुमचं जुनं घर ६० चौरस मीटरच्या आसपास आणि नवं ७५ च्या आत, म्हणजे दोन्ही मिळूनही दीडशेच्या खाली. ते तसंच ठेवा. मर्यादा एका घराची की दोन्हींची मिळून, हा वादच मग कुणाला काढता येणार नाही. शेजाऱ्याच्या बांधापासून आणि जुन्या घरापासून निदान १५ मीटर जागा मोकळी ठेवा, असा माझा आग्रह आहे. जागा मोठ्या रस्त्याच्या कडेला असेल तर इमारत रेषा (रस्त्यापासून जेवढं आत बांधावं लागतं ती हद्द) किती मीटरवर आहे ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. गट कुठल्या महामार्गाच्या भूसंपादनात आहे का, तेही त्याच फेरीत विचारा. अर्ज तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. देताना आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘होत नाही’ म्हटलं तर कारण लेखी मागा.

वाट कुणाच्या शेतातून असेल तर त्याचं आत्ताच बघा. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली आणि वाटच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. पण शेजाऱ्याशी बोलून घेणं केव्हाही बरं, वाळूच्या गाड्या त्याच्याच बांधावरून जाणार आहेत.

बँकेचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण मंजूर नकाशा आणि एनए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बँकेने मंजूर नकाशा मागितला आहे. शेतघराच्या परवानगीचा नकाशाही मंजूर नकाशाच असतो. ती बँक तरीही एनएवर अडली तर दुसरीकडे विचारा. शेतकऱ्याने शेतजमिनीवर बांधायच्या घरासाठी काही राष्ट्रीयीकृत बँकांच्या वेगळ्या कर्जयोजना आहेत. कर्जाला सासऱ्यांना सही करावी लागेल आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल. आधीच सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असेल तर त्यांचं ना-हरकत लागेल. एक लक्षात असू द्या: गहाण पडते ती जमीन सर्वांची असते, फक्त तुमचा कोपरा नव्हे. हप्ता एक महिना चुकला तरी दिरांच्या पीककर्जाला अडचण येऊ शकते. म्हणून जेवढं झेपेल तेवढंच कर्ज काढा, घर आठशेऐवजी सहाशे फुटांचं झालं तरी चालेल.

आता मला बांधकामाबद्दल बोलायचंय, जरी तुम्ही ते विचारलं नसलं. तुमचा तालुका किल्लारीचा तालुका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे माणसं भूकंपापेक्षा घरांनी जास्त मारली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हा तुमच्या घराला जोत्याच्या पातळीवर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे सलग काँक्रीटचे पट्टे घालाच. भिंती एकमेकींना बांधून ठेवायचं काम ते करतात. त्यांचा खर्च घराच्या खर्चात फार नसतो, पण गवंडी ‘एवढं लागत नाही’ म्हणतात. त्यांचं ऐकू नका. अभियंत्याकडून नकाशातच ते दाखवून घ्या.

दुसरं, काळी माती. कापसा-सोयाबीनला जी माती सोनं, ती पायाला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपे तडे जातात. पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अभियंता तळाशी फुगीर असलेले पाइल सुचवेल, ते करा. काढलेली काळी परत पायात भरू नका, मुरूम भरा. घराभोवती उताराची फरसबंदी करा, न्हाणीचं पाणी पायापासून लांब न्या. बुजवलेल्या विहिरीवर किंवा तिच्या जवळ घर नको, शेतात ती कुठे होती हे सासऱ्यांनाच ठाऊक असेल, त्यांना विचारा. जमलं तर गटाचा मुरमाड, हलका कोपरा निवडा. पाया उथळ होईल आणि चांगली जमीन पिकाला राहील. संडासाचा शोषखड्डा बोअरपासून १५ मीटरच्या आत नको. नवीन बोअर घेणार असाल तर गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत घेता येत नाही, हेही बघा. आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात वायर ओढू नका, महावितरणकडे घरगुती जोडणीचा अर्ज वेगळा करा.

घर उभं राहिलं की एका बैठकीत कौटुंबिक समझोत्याचा कागद करा. कुठलं घर कुणाच्या वहिवाटीत, दोन्ही घरांना वाट कुठून, बोअरचं पाणी कुणी किती वेळ, नणंदेच्या हिश्शाचं काय, आणि सासू-सासरे हयातीत ज्या घरात राहू इच्छितात तिथे राहतील. हा शेवटचा मुद्दा सासूबाईंना विचारून लिहा, दोन्ही मुलांनी ठरवून नव्हे. नोंदणी लागते का ते वकील सांगतील. पुढे प्रत्यक्ष वाटप करायचं झालं तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने ते कच्चं ठेवायचं कारण उरलेलं नाही.

सुरुवात मोजणीच्या अर्जाने करा, आणि तो उन्हाळ्यातच द्या. मृगाची पेरणी झाली की मोजणीदाराला उभ्या सोयाबीनमधून मोजणी करणं अवघड जातं, आणि काम सुगीनंतरवर जातं. मोजणी होईपर्यंतच्या दिवसांत खासरा पत्रक, फेरफार आणि झोन दाखला हातात येईल. अर्जावर सासऱ्यांची सही घेताना शक्य तर नणंदबाईंनाही त्या दिवशी बोलवा.